तालमीला चार वाजता जा: खेळाच्या क्लबांना शाळेची भेट कशी आखावी

पहिल्या वर्षी मी पोरं घेऊन कोल्हापुरातल्या एका तालमीच्या दारात उभा राहिलो तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. सातवी-आठवीची बेचाळीस मुलं, दोन शिक्षक, बाहेर एसटी उभी. आत हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, कोणी नाही. दोरीवर लंगोट वाळत घातलेले, कोपऱ्यात खोरं उभं, आणि पलीकडच्या खोलीत ओळीनं पैलवान झोपलेले. वस्ताद, म्हणजे तालमीचे प्रशिक्षक, बाहेर आले, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, आता काय बघणार? पोरं जेवून झोपल्यात. चारला या की." चार वाजता आम्ही रंकाळ्यावर कणसं खात होतो, कारण कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलं होतं. परत येताना एका पोरानं विचारलं, "सर, पैलवान नुसते झोपतात का?"

त्या प्रश्नानं माझी भेटी आखायची पद्धत बदलली. मी कराड तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. त्यानंतर आठ-दहा वेळा मुलं तालमीत, मल्लखांबाच्या आणि कबड्डीच्या क्लबांत नेली. आता मी सरावाच्या वेळेपासून उलटा हिशोब करत येतो. किती मुलं न्यायची, गाडी किती वाजता सुटणार, जेवण कुठं, सोबत कोण, हे सगळं त्या एका वेळेवरून ठरतं. बहुतेक शाळा नेमकं उलटं करतात. आधी महालक्ष्मी, रंकाळा, पन्हाळा ठरतो आणि मधल्या फटीत तालीम बसवतात.

कुठं न्यायचं

आपल्या गावापासून दोन तासांच्या आत काय आहे ते आधी बघा. लांबच्या नावाजलेल्या ठिकाणापेक्षा जवळचा चालता क्लब बरा. चालता म्हणजे जिथं आठवड्यातून पाच-सहा दिवस पोरं घाम गाळतात तो. नावाची पाटी मोठी आणि आत कुलूप, असे क्लबही पुष्कळ आहेत.

कराड-सांगली पट्ट्याला कोल्हापूर जवळचं. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग ही तालमींची नावं इथल्या घराघरांत माहीत असतात. कोल्हापूरची आणखी एक गंमत मुलांना आवर्जून सांगावी: तिथल्या फुटबॉल संघांच्या नावातही 'तालीम' असते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम हे सगळे शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळणारे संघ. पेठेची तालीम ही पेठेतल्या पोरांची एकत्र यायची जागा होती. कुस्ती होतीच, पुढं फुटबॉल आला आणि त्याच नावाखाली रुजला. मात्र फुटबॉल दाखवायचा असेल तर सकाळचा सराव दाखवा. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला शाळेची पोरं नेऊ नका. पेठापेठांची चुरस असते, गर्दी असते आणि घोषणांची भाषा वर्गात परत आणण्यासारखी नसते.

मुंबईकर शाळांना शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. १९२५ साली सुरू झालेली ही संस्था मल्लखांबासाठी जगभर माहीत आहे. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवरच झाली. लालबाग-परळ भागात कबड्डीचे जुने क्लब आहेत, पण तिथले खेळाडू नोकरी करून येतात, त्यामुळं सराव संध्याकाळी उशिरा रंगतो. तिथं शाळेच्या वेळेत जाण्यात अर्थ नाही. विदर्भात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९१४ पासूनचं. या मंडळाच्या चमूनं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. सावंतवाडी-दोडामार्गच्या शाळांना कोल्हापूरपेक्षा गोवा जवळ. धेंपो, साळगावकर ही फुटबॉलमधली मोठी नावं तिथलीच.

आणि पुण्याची बालेवाडी? १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल भव्य आहे. पण मोठं संकुल आणि क्लब यांत फरक आहे. संकुलात मुलं खुर्च्या आणि पोहण्याचा तलाव बघून येतात. क्लबमध्ये त्यांच्याच वयाचा मुलगा आठव्यांदा पडून नवव्यांदा उठताना दिसतो. एकच ठिकाण निवडायचं असेल तर मी क्लब निवडीन.

एका दिवसात एक क्लब पुरे. फार तर दुसरं एक ठिकाण जोडा, तेही त्याच खेळाचं. आम्ही तालमीला जोडून खासबाग हे कुस्तीचं मैदान बघतो.

आधी स्वतः जाऊन या

फोनवर ठरवलेली भेट निम्मी फसते. दीड-दोन महिने आधी एका सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढा आणि त्याच वेळेला जा, ज्या वेळेला मुलं नेणार आहात. चारला नेणार असाल तर चारला. दाराबाहेर चपला काढून आत जा, वस्तादांना नमस्कार करा, बसा. लगेच कामाचं बोलू नका. सराव चालू असेल तर अर्धा तास नुसतं बघा. वस्ताद आपणहून विचारतील.

मग पुढच्या गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या.

पहिली म्हणजे हौदात लढती कधी असतात आणि नुसती मेहनत, म्हणजे व्यायाम, कधी. इथं शब्दांचा घोळ होतो. 'जोर मारणं' म्हणजे दंड काढणं, पण पैलवानांच्या बोलण्यात 'जोर करणं' म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची कुस्ती. "सकाळी जोर असतो" याचा अर्थ नीट विचारून घ्या. बऱ्याच तालमींत पहाटे लढती आणि दुपारनंतर मेहनत असते, काही ठिकाणी उलट. मुलांना थोडी तरी लढत दिसली पाहिजे. "वीस मिनिटं दोन जोड्या लावता येतील का?" असं विचारलं तर बहुतेक वस्ताद हो म्हणतात. सुट्टीचा वारही विचारा; तो तालमीगणिक वेगळा असतो.

दुसरी, मुली आत आलेल्या चालतील का. हा प्रश्न अवघड वाटतो म्हणून शिक्षक विचारत नाहीत आणि मग दारात पंचाईत होते. यावर खाली वेगळं लिहिलं आहे.

तिसरी, एका वेळी किती मुलं हौदाभोवती उभी राहू शकतील. जुन्या तालमी लहान असतात, छप्पर बुटकं, हवा कोंदट. तीस मुलांची दोनदा पंधरा-पंधरा करावी लागतात. उरलेल्या पंधरांनी तेवढा वेळ काय करायचं, हेही तेव्हाच ठरवा.

चौथी, संडास आणि पाणी. मुलींसाठी संडास नसेल तर जवळपास कुठं आहे ते स्वतः जाऊन बघा. 'आहे की तिकडं' या उत्तरावर विसंबू नका.

पाचवी, फोटो. लंगोटावर सराव करणाऱ्या पैलवानांचे फोटो पोरांनी काढून कुठंतरी टाकले तर त्यांना आवडत नाही, आणि का आवडावं? आमच्याकडं एकच कॅमेरा असतो, तो शिक्षकांकडं, आणि वस्ताद म्हणतील तेव्हाच चालतो.

पैशाचं काय, हा प्रश्न राहतो. काही क्लब प्रात्यक्षिकाचं मानधन घेतात, तसं सरळ सांगतात. तालमीत मात्र वस्तादांच्या हातात पाकीट ठेवलं की अनेकांना ते खटकतं. मी नारळ आणि दोन-तीन किलो बदाम नेतो. बदाम थंडाईत जातात आणि सगळ्यांच्या पोटात जातात. मल्लखांबाच्या क्लबला जायचं असेल तर एरंडेलाचा डबा न्या. खांबाला ते सारखं लागतं. मुलांनी ते स्वतः द्यावं, शिक्षकांनी नव्हे.

जाऊन आल्यावर शाळेच्या लेटरहेडवर पत्र पाठवा. त्यात तारीख, वेळ, मुलामुलींची संख्या, सोबतच्या शिक्षकांची संख्या आणि 'प्रात्यक्षिक बघणे व प्रशिक्षकांशी संवाद' एवढंच लिहा. हे पत्र पुढं परवानगीच्या फायलीत लागतं, म्हणून त्यावर क्लबचा होकार सहीनिशी घ्या.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथं घाई केली की निघायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभं राहावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय मांडा, ठराव घ्या. मग शिक्षण विभागाकडं परवानगीचा अर्ज, सोबत ठराव, क्लबचं पत्र, मुलांची यादी, शिक्षकांची यादी, गाडीची माहिती. महिनाभर आधी.

गाडी शक्यतो एसटीची घ्या. प्रासंगिक करारावर, म्हणजे तेवढ्या सहलीपुरती, बस मिळते आणि शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत आहे. आगारात जाऊन शाळेचं पत्र द्या, किलोमीटरबरोबर थांबण्याच्या वेळेचाही हिशोब विचारून घ्या. खाजगी गाडी स्वस्त पडते असं कोणी सांगेल. तिचा विमा, परवाना आणि चालक तपासायची जबाबदारी मग तुमच्यावर येते.

पालकांचं संमतीपत्र छापील नमुन्यातलं वापरू नका. त्यात 'सहलीस पाठवण्यास हरकत नाही' एवढंच असतं. आमचं असं आहे:

"माझा पाल्य ____, इयत्ता ____, यास दि. ____ रोजी कोल्हापूर येथील तालीम-भेटीस पाठवण्यास माझी संमती आहे. पाल्यास दमा / फिट / हृदयाचा त्रास / गेल्या सहा महिन्यांत हाड मोडणे / त्वचेचा आजार: आहे / नाही. चालू औषध: ____. हौदात उतरून सोपे व्यायामप्रकार करण्यास संमती: आहे / नाही. शाळेने फोटो काढण्यास संमती: आहे / नाही. त्या दिवशी लागणारा फोन: ____."

हौदाची आणि फोटोची संमती वेगवेगळी विचारली आहे, त्याला कारण आहे. काही पालक भेटीला तयार असतात, मातीत उतरवायला नसतात. त्यांचा मान ठेवा, पण ते मूल घरी राहायला नको.

फीबद्दल एकच सांगतो. ज्यांना देणं जमत नाही अशी चार-पाच मुलं दरवर्षी असतात. त्यांची नावं वर्गात वाचली जाऊ नयेत. गावातल्या एखाद्या जुन्या पैलवानाला आधीच भेटा. पोरं तालीम बघायला निघालीत म्हटल्यावर नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

मुलं किती, सोबत कोण

तीस. बसमध्ये चाळीसच्या वर जागा असतात म्हणून चाळीस भरायची नाहीत. सोबत तीन मोठी माणसं, त्यात एक बाई हव्यातच, मुली एक-दोनच असल्या तरी. दहा-दहाचे तीन गट, प्रत्येक गटाला एक शिक्षक आणि मुलांतलाच एक गटप्रमुख. गटप्रमुखाला मोजणीचं काम: बसमध्ये चढताना, उतरताना, तालमीत शिरताना, निघताना. मोजणी मोठ्यानं, नावानं. आकड्यानं मोजलं की दोघांची अदलाबदल कळत नाही.

आणि एक नियम लवचिक नाही. कोणतंही मूल क्लबमधल्या कोणत्याही एका मोठ्या माणसाबरोबर एकटं, बंद खोलीत, कपडे बदलायच्या जागी जाणार नाही. वस्ताद कितीही ओळखीचे असोत. त्यांनाही आधीच सांगा. चांगला प्रशिक्षक हे ऐकून रागावत नाही, मान डोलावतो. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ इतर तातडीसाठी, १०९८ मुलांच्या मदतीसाठी हे क्रमांक तिन्ही शिक्षकांच्या खिशात कागदावर असावेत. फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही.

आदल्या आठवड्यातले दोन तास

न सांगता नेलेली मुलं पैलवानाचे कान बघून हसतात. मोडलेले, गोळा झालेले कान म्हणजे वर्षानुवर्षं डोकी एकमेकांवर घासल्याची खूण, हे आधी सांगितलं तर तीच मुलं ते कान आदरानं बघतात. म्हणून दोन तास आधी द्या.

एका तासात खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिकडं जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. आज १५ जानेवारी हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. आमच्या मुलांना गोळेश्वर सायकलवर जाण्याइतकं जवळ, तरी निम्म्यांना हे माहीत नसतं. तुमच्या भागातलं असं नाव शोधा. राधानगरीकडं कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे आहे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य. खो-खो दाखवायला नेणार असाल तर २०२५ च्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या दोन्ही विजेत्या संघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वायकर, महाराष्ट्रातले होते.

दुसऱ्या तासात कुस्तीच्या डावांची नावं. ढाक, घिस्सा, कलाजंग, धोबीपछाड, एकलंगी, पट काढणं. फळ्यावर लिहा, दोन मुलांना उभं करून नुसती पकड दाखवा, पाडायचं नाही. डावाचं नाव माहीत असलं की नजर काहीतरी शोधत राहते. प्रत्येक गटानं तीन प्रश्न लिहून आणायचे. "महिन्याला किती मिळतात?" आणि "वजन किती?" हे दोन मी खोडतो, बाकी कोणतेही चालतात. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलेला प्रश्न माझ्या वहीत आहे: "हरल्यावर जेवता का?" त्यावर तालमीतले सगळे आधी हसले, मग एक पैलवान शांतपणे म्हणाला, "पहिल्या दिवशी नाही."

शिस्तीचे मोजके नियम: चप्पल-बूट बाहेर. न विचारता हौदात पाय टाकायचा नाही. उतरायला सांगितलं तर आधी मातीला हात लावून कपाळाला. लढत चालू असताना टाळ्या-शिट्ट्या नाहीत, हा सराव आहे, मैदानातली स्पर्धा नव्हे. नखं कापलेली, अंगठ्या-साखळ्या-घड्याळं घरी, हाफपँट आणि जुना टी-शर्ट पिशवीत.

मुली आणि तालीम

जुन्या पद्धतीच्या काही तालमींत हनुमानाचं स्थान म्हणून मुलींना हौदाजवळ येऊ देत नाहीत. तुमचं मत काहीही असो, भेटीच्या दिवशी दारात वाद घालून तो सुटणार नाही आणि अपमान मुलींचा होईल. म्हणून आधी विचारा, आणि 'मुली बाहेर थांबतील' असं उत्तर आलं तर ती तालीम यादीतून काढा. मी दोनदा काढली आहे. मुलींना बसमध्ये बसवून मुलांना आत नेणं मला शाळेच्या नावाला शोभणारं वाटत नाही.

पर्याय आहेत. मुली सराव करतात अशी कुस्ती केंद्रं आता आहेत, बहुतेक मॅटवरची. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हापासून आमच्या भागात मुलींना कुस्तीला पाठवायचा विषय घरात निघू लागला आहे. मल्लखांबात तर मुली दोरीवर आणि आता खांबावरही असतात. ज्या क्लबात मुली सराव करतात तिथं तुमच्या मुलींना त्यांच्याशी पाच-दहा मिनिटं मोकळं बोलू द्या, शिक्षकांनी लांब उभं राहावं. पाळीच्या दिवसांत काय करता, घरच्यांना कसं पटवलं, हे प्रश्न आपल्यासमोर येत नाहीत.

प्रत्यक्ष दिवस

शनिवार निवडा, सकाळची शाळा असते. आमची वेळ अशी बसते. साडेअकराला शाळेतच जेवण, हलकं. बाराला निघायचं. हायवेचं काम चालू असल्यामुळं सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरला दोन-अडीच तास धरतो. अडीचच्या सुमारास खासबाग, चारला तालीम, साडेपाचला बाहेर, हातपाय धुणं, खाणं, सहाच्या आत बस, साडेआठपर्यंत शाळा. पालकांना नऊ सांगतो.

खासबागेला पाऊण तास पुरतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम बघितलं आणि तसं मैदान कोल्हापुरात असावं असं मनात घेतलं. १९१२ मध्ये ते तयार झालं. मधोमध हौद, भोवती बशीसारखा उतार. वरच्या कडेला दहा मुलं उभी करा, खाली हौदाशी दोन, आणि वरच्यांना खालच्यांच्या हाताची बोटं मोजायला सांगा. कोणाच्याही डोक्याआड कुस्ती जात नाही, ही रचना मुलांना सांगून कळत नाही तेवढी अशी कळते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला मोठी आग लागली होती, तेव्हापासून कामं निघालेली आहेत. आत जाता येईल का, हे आठवडाभर आधी विचारून घ्या.

तालमीत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं कोणी काही बोलू नये, शिक्षकांनीही. आपल्याला समजावून सांगायची खोड असते. आवाज ऐकू द्या: दंडांचा श्वास, मांडीवर पडलेली थाप, दोन अंगं मातीत आपटल्याचा दबका आवाज. वासही असतो. हौदाच्या लाल मातीत हळद, कापूर, लिंबू, ताक, तेल मिसळलेलं असतं, आणि त्यात वर्षांचा घाम. एक मुलगा म्हणाला होता, "सर, देवळासारखा आणि गोठ्यासारखा वास एकदम येतोय." याहून नेमकं वर्णन मी करू शकत नाही.

मग वस्तादांना हौद उकरायला मुलं लावायची विनंती करा. हा माझा आवडता भाग. खोरं हातात दिलं की पोरांना वाटतं पाच मिनिटांचं काम. दाबून बसलेली माती उकरून, उलटून, ढेकळं फोडून परत सारखी करायची. शेतकऱ्यांची पोरं सरस ठरतात, आणि वर्गात मागं बसणाऱ्या एखाद्याला त्या दिवशी पहिल्यांदा शाबासकी मिळते. पाळीपाळीनं, तीन-तीन मिनिटं. बाकीच्यांनी खोऱ्यापासून चार हात लांब. अनवाणी पायावर खोरं बसलं तर भेट दवाखान्यात संपते.

त्यानंतर व्यायाम. दहा बैठका, पाच जोर, तेही वस्तादांच्या मोजणीवर. काय करायचं नाही ते आधीच ठरलेलं हवं: मुलांची आपसात कुस्ती नाही, पैलवानानं मुलाला उचलून टाकणं नाही, मानेवर भार येईल असा कोणताही प्रकार नाही. पोरं आग्रह धरतात, तरुण पैलवानांनाही हुरूप येतो. इथं शिक्षकानं मध्ये पडायचं. मल्लखांबावरही हाच नियम. खाली गादी आणि शेजारी प्रशिक्षक असल्याशिवाय खांबाला कोणी हात लावायचा नाही, आणि बोंडापर्यंत, म्हणजे खांबाच्या वरच्या टोकापर्यंत, चढायची पैज लावायची नाही.

दम्याच्या मुलांना माती उकरताना दाराजवळ उभं करा, त्यांचा पंप शिक्षकांच्या खिशात. अंगावर गजकर्ण किंवा उघडी जखम असलेल्यांनी हौदात उतरू नये. मातीत आणि मॅटवर ते झपाट्यानं पसरतं. बाहेर आल्यावर सगळ्यांनी साबणानं हात, पाय, मान धुवायची. साबण शाळेचा न्या. तीस मुलांना एका नळावर वीस मिनिटं लागतात, ती वेळापत्रकात धरा.

ज्या मुलाला चालायला किंवा बघायला अडचण आहे, त्याला 'तू बस रे बाजूला' म्हणू नका. दृष्टिहीन मुलं मल्लखांब शिकतात, हे शिवाजी पार्कवर जाऊन बघता येतं. आमच्या एका कुबडीवाल्या मुलाला वस्तादांनी हौदाच्या कडेवर बसवून बैठका मोजायला लावलं. त्यानं एकाची एक मोजली नाही, कारण पोरगा पूर्ण बसला नव्हता. वस्ताद खूश.

खायला केळी, भेळ, ताक. खासबागेच्या आसपास भेळेच्या गाड्या आहेत. मिसळीचा मोह मोठ्यांनी आवरावा. तीस पोरांची पोटं आणि अडीच तासांचा रस्ता यांचा विचार करा.

परत आल्यावर

सोमवारी पीटीचा तास निबंधात घालवू नका. प्रत्येक गटानं तालमीत बघितलेली एक गोष्ट करून दाखवायची, मैदानावर. शब्दांत सांगायला न येणारी मुलं इथं पुढं येतात. वस्तादांना आभाराचं पत्र मुलांच्या हस्ताक्षरात जाऊ द्या, चुका न सुधारता. आमच्या तालमीत अशी तीन पत्रं आरशाच्या कडेला खोचलेली मी बघितली आहेत.

दोन-तीन आठवड्यांत एखादं मूल किंवा त्याचे वडील येऊन विचारतात, "सर, याला तालमीत टाकू का?" घाई करू नका, पण टाळूही नका. आधी गावातली किंवा शेजारच्या गावातली तालीम, सहा महिने. शाळा न सोडता. टिकला तर मग क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी कधी आहे ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. तिथं राहणं, शिक्षण आणि प्रशिक्षण एकत्र असतं. स्वप्निल कुसळे याच वाटेनं गेला. वडिलांना खुराकाच्या खर्चाचं स्पष्ट बोला. दूध, तूप, बदाम यांचा महिन्याचा हिशोब ऐकल्यावर काही जण गप्प होतात. तो आकडा नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

पुढच्या वर्षीची तारीख त्याच आठवड्यात वस्तादांशी बोलून पक्की करा. जत्रांच्या हंगामात गावोगाव कुस्ती मैदानं लागतात आणि पैलवान तिकडं जातात. चैत्रात गेलात तर तालीम अर्धी रिकामी असते. आम्ही आता गणपतीनंतरचा शनिवार धरतो. वहीत गेल्या वर्षीच्या पानावर एवढंच लिहिलं आहे: साबण दोन वड्या कमी पडल्या. बदाम तीन किलो न्यावेत. खोरं आपलं एक जास्तीचं न्यावं, लहान दांड्याचं.